वहिनींचा जिना

हिमालयात कुणी कुठं जायचं हे त्या कचेरीत वहिनी ठरवत, आणि ठरवत ते कानांनी.

कचेरी चौथ्या मजल्यावर. रस्त्यावरच्या दारापासून वहिनींच्या टेबलापर्यंत चौऱ्याऐंशी पायऱ्या. टेबल त्यांनी हट्टानं जिन्याच्या तोंडाशी मांडून घेतलं होतं. खाली कुणी पहिली पायरी चढलं की वहिनींचे कान टवकारलेच. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली, की वहीत एक बारीक रेघ. तिसऱ्या मजल्याचा कठडा करकरला, म्हणजे कुणीतरी त्याला लोंबकळत वर येतंय, की दुसरी रेघ. मग दार उघडून माणूस आत आला की वहिनी गोड हसून विचारत, "या. नाव काय, काम काय करता, कुणाबरोबर जाणार?"

उत्तर एका दमात आलं तर तो माणूस खिंडीचा. उत्तराचे दोन तुकडे पडले तर सरोवराचा. आणि जो आधी बाकावर टेकून नुसता हातानंच 'थांबा' म्हणाला, तो फुलांच्या दरीचा. हे सगळं त्याला खुर्ची देईपर्यंत ठरलेलं असे. पुढची अर्धा तासाची चर्चा वहिनी केवळ माणुसकी म्हणून करत.

डोंगरवाटांवर माणसं नेणारी ही कंपनी वहिनींच्या धाकट्या दिराची. डोंगर म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण माणसाला नाही म्हणायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. पहिल्याच वर्षी एका गलेलठ्ठ मित्राला तो खिंडीला घेऊन गेला, आणि चार माणसांनी आळीपाळीनं पाठीवर घेऊन त्या मित्राला खाली आणलं. परत आल्यावर भावोजी सरळ वहिनींच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

"वहिनी, मला लोकांना नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं."

"नऊ वर्षं तुमच्या दादांना म्हणतेय," वहिनी म्हणाल्या. "हात बसलाय."

त्याला आता बावीस वर्षं झाली. सुरुवातीला वहिनी अर्ज भरून घेत. अर्जात सगळे रोज पाच किलोमीटर चालत. मग एके दिवशी असाच एक पाच किलोमीटरवाला वर आला आणि पाण्याचे तीन पेले पिऊन झाल्यावरच स्वतःचं नाव सांगू शकला. त्या दिवसापासून वहिनींनी अर्ज वाचणं सोडलं आणि जिना ऐकायला घेतला.

ऐकीव ज्ञानावर त्यांचा कारभार नव्हता. कंपनीच्या सात वाटांपैकी पाच त्या स्वतः चालल्या होत्या, खिंडीतून तर दोनदा, दुसऱ्यांदा पन्नाशी ओलांडल्यावर. म्हणून त्या सांगायला लागल्या की माणूस टेबलावर कोपरं टेकून ऐकत बसे. दरीत तीन दिवस फुलांतून चालायचं, कमरेइतकी फुलं, आणि धुकं बाजूला झालं की वर हिमनदीचं तोंड. सरोवराला आधी देवदारांचं रान, मग कुरण, मग एका वळणावर ध्यानीमनी नसताना निळं पाणी आणि त्यात शिखर उलटं उभं. खिंडीला मात्र पहाटे बर्फ कडक असताना चढायचं. चौदा हजार फुटांच्या वर. माथ्यावर पोचलं की मागे सगळं हिरवं आणि पुढे सगळं पिवळं, कोरडं, जणू कुणी दोन देश शिवून एकत्र जोडलेत आणि आपण शिवणीवर उभे आहोत.

अर्थात हे ऐकून प्रत्येकाला खिंडच हवी असे. तिथं वहिनी उपयोगी पडत. उंची कुणाला कधी लागेल ते सांगता येत नाही, पैलवानसुद्धा डोकं धरून बसतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण जो माणूस चौऱ्याऐंशी पायऱ्यांतच बसतो, त्याला तिकडे पाठवणं म्हणजे जाणूनबुजून आपल्या गाईडच्या पाठीवर ओझं बांधणं. बावीस वर्षांत वहिनींनी निवडलेला एकही माणूस दम संपला म्हणून उचलून आणावा लागला नव्हता. ही गोष्ट त्या कुणाला सांगत नसत. सांगायची गरजच नसे, भावोजी सगळीकडे सांगत.

यंदा त्या लेकीच्या बाळंतपणासाठी दहा दिवस रजेवर गेल्या. परत आल्या त्या सोमवारी. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिळून पाच जण आले आणि पाचही जणांनी नाव, काम, सोबत एका दमात सांगून टाकलं.

"यंदा माणसं कशी तगडी आलीत बघा, भावोजी!" वहिनी म्हणाल्या.

पावलं ऐकू आली नव्हती, हे त्यांना जाणवलं होतं. पण दहा दिवस नातीचं रडणं ऐकून कान बसले असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पाचवी आलेली बाई एका शाळेत शिकवत होती. अंगानं चांगली भरदार, हातात दोन पिशव्या, पण श्वास कसा तर झोपलेल्या माणसासारखा. वहिनी कौतुकानं तिच्याकडे बघत खिंडीच्या यादीत नाव लिहीत होत्या, तेवढ्यात बाई म्हणाली, "तुमची लिफ्ट मात्र झोकात झालीय हं. आत आरसासुद्धा आहे."

वहिनींचं पेन थांबलं.

"कसली लिफ्ट?"

इमारतीच्या मागच्या अंगाला, जिथं गाड्या लावतात तिथं, वर्षभर खोदकाम चाललं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी लिफ्टचा धोशा लावला होता, आणि ती 'पुढच्या आठवड्यात' सुरू होणार असं इतके महिने चाललं होतं, की ती कधी सुरू होईल हे सगळ्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं. वहिनी रजेवर असताना नेमकी ती सुरू झाली. त्या स्वतः सवयीनं पुढच्या दारानं जिना चढून येत, आणि चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार मागच्या बोळात उघडे. भावोजींनाही सांगायचं सुचलं नाही, कारण त्यांच्या मते ती काही बातमी नव्हती.

वहिनींनी डोकं हातात धरलं नाही की कपाळ बडवून घेतलं नाही. त्यांनी फोन ओढला. शिक्षिका समोरच होती, ती खो खो हसली आणि सरोवराला कबूल झाली. दोघे तरुण दुसऱ्या दिवशी येऊन जिना चढून गेले आणि रीतसर पास झाले. एकानं बेत पुढच्या वर्षावर टाकला. राहिले बाजारातले घड्याळं दुरुस्त करणारे, सगळे ज्यांना घड्याळजी म्हणत ते.

"मी पास झालोय," घड्याळजी फोनवर म्हणाले. "आता परत परीक्षा नाही."

खिंडीची तुकडी निघायला सव्वीस दिवस होते.

"वहिनी, एकच तर माणूस आहे," भावोजी म्हणाले. "गाईड जुना आहे आपला. सांभाळेल."

"सांभाळेल म्हणजे उचलेल," वहिनी म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या.

घड्याळजींचं दुकान बाजाराच्या गल्लीत, दोन हात रुंद आणि बोगद्यासारखं लांब. भिंतीवर घड्याळंच घड्याळं. काचेच्या पेटीमागे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरून बसले होते. त्यांची बायको एका भिंतघड्याळाला कागद गुंडाळत होती.

"चूक माझी आहे," वहिनींनी सरळच सांगितलं. "तुम्ही लिफ्टनं वर आलात ते मला कळलं नाही. खिंडीच्या यादीत तुमचं नाव मी चुकून लिहिलं."

घड्याळजींनी भिंग काढलं. "लिफ्टनं आलो तर काय झालं? हिमालयात जिने आहेत का?"

"लिफ्ट नाही, एवढं मला ठाऊक आहे."

त्यांची बायको फिस्सकन हसली. घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं तशी ती कागद गुंडाळू लागली.

"वहिनी, तुम्हाला सांगतो," घड्याळजींनी आवाज खाली आणला. "आमचे साडू गेल्या वर्षी खिंडीला जाऊन आले. तेव्हापासून घरात जेवायला आले की फोटो. भात वाढेपर्यंत बर्फ, ताक येईपर्यंत तंबू. मी त्यांना सांगून बसलोय की मी पण जातोय. आता फुलं हुंगायला गेलो, तर उरलेला जन्म तो माणूस मला गुलकंद म्हणून हाक मारेल."

"मारेलच," बायको म्हणाली.

वहिनींना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. या माणसाला कागदावरून खोडणं सोपं होतं. पण खोडलेला माणूस उद्या दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीकडे जाणार आणि तिथं त्याचा जिना ऐकायला कुणी नसणार. त्याला स्वतःलाच ऐकू आलं पाहिजे.

"असं करू," त्या म्हणाल्या. "आत्ता चला. जिना चढा. वर येऊन साडूंबद्दल हेच सगळं मला पुन्हा सांगा, असंच, न थांबता. सांगितलंत तर यादी आहे तशी राहील. शब्द माझा."

"एवढंच?" घड्याळजी उठलेच. भिंग डबीत ठेवलं, दुकानाला कुलूप घातलं. बायकोनं कागदात गुंडाळलेलं घड्याळ पिशवीत घातलं आणि तीही निघाली. "तुमच्या इमारतीच्या पुढेच एक गिऱ्हाईक आहे, तिथं पोचवायचंय. आणि मी नसले तर हे रस्त्यात दुसऱ्यांच्या दुकानातली घड्याळं बघत उभे राहतात."

पहिला मजला घड्याळजी तरातरा चढले. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले आणि भिंतीवरची विजेच्या मीटरची पेटी मोठ्या जिज्ञासेनं न्याहाळू लागले. तिसऱ्या मजल्यावर त्यांना दातांच्या डॉक्टरांची पाटी वाचावीशी वाटली. पाटीवर दोनच ओळी होत्या. घड्याळजींनी ती बराच वेळ वाचली.

"चौकट छान आहे," ते म्हणाले. म्हणजे 'चौकट' म्हणाले, आणि 'छान आहे' थोड्या वेळानं.

वहिनी आपल्या वेगानं त्यांच्या मागून चढत राहिल्या. कठडा करकरला. चौथ्या मजल्यावर घड्याळजी दारातून आत आले, बाकाकडे बघायचं नाही असा निश्चय करून दोन क्षण उभे राहिले, आणि बसले. चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा लाल. त्यांनी बोट वर केलं, तोंड उघडलं, आणि साडूंचा 'सा' तेवढा बाहेर आला.

भावोजींनी पाणी आणून दिलं. कचेरीत कुणी हसलं नाही. वहिनींनी तेवढ्यासाठी सगळ्यांकडे आधीच एक नजर फिरवून घेतली होती.

"अहो, हळू प्या, ठसका लागेल," बायको म्हणाली. "सकाळपासून एका जागी बसलेले असता, एकदम जिना चढायला नको होता. घरी गेल्यावर जरा पडा, मी गिऱ्हाइकाचं घड्याळ देऊन येते, येताना तुमच्या त्या बारक्या स्क्रूंचं पाकीटही आणते."

सगळं एका दमात. वहिनींनी मान वळवून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. पन्नाशीची, काटकुळी बाई. खांद्याला पिशवी तशीच. वहिनींनी हात पुढे करून ती घेतली, आणि त्यांचं मनगट खाली गेलं.

"हे एवढं वजन घेऊन तुम्ही वर आलात?"

"खाली कुठं ठेवणार? लाकडी आहे, कुणी उचलून नेलं तर?"

"तुम्ही दिवसभर काय करता हो?"

"काय करणार? दुरुस्तीची घड्याळं माळ्यावर असतात, ती काढते, ठेवते. शिडीनं वर-खाली. यांच्या गुडघ्यांना जमत नाही. वीस-पंचवीस वेळा होतं दिवसातून, मोजलं नाही कधी."

भावोजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी यादी पुढे ओढली, पण त्या बाईशी न बोलता घड्याळजींकडे वळल्या. कारण प्रश्न त्यांचा होता.

"घड्याळजी, तुमचं नाव मी काढतेय."

घड्याळजींनी मान डोलावली. पाणी संपलं होतं, तरी ते पेल्यात बघत होते. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, अगदी भिंग लावल्यासारखं, बराच वेळ.

"त्या जागी हिचं घाला," ते म्हणाले.

"काहीतरीच!" बायको दचकली. "मी? आणि दुकानात कोण बसेल?"

"मी तीस वर्षं बसलोच आहे. आणखी बारा दिवस बसेन. माझ्याइतकं बसण्यात तरबेज कोण आहे?"

"अहो, पण..."

"आधी डॉक्टरांचा दाखला," वहिनी मध्येच म्हणाल्या, कारण 'पण' एकदा सुरू झाला की वाढत जातो हे त्यांना ठाऊक होतं. "मग रोज सकाळी पाठीवर आठ किलो घेऊन दीड तास चालायचं. वर डोकं दुखलं, मळमळलं, तर लाजायचं नाही, गाईडला सांगायचं आणि तो म्हणेल तिथून खाली यायचं. हे कबूल असेल तर नाव घालते. जायचंय का, ते तुम्ही सांगा. यांनी नाही."

बाईनं खांद्यावरचा पदर सारखा केला. एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या खिंडीच्या फोटोकडे. तो फोटो वहिनींनी स्वतः काढलेला, अर्धा हिरवा, अर्धा पिवळा.

"जायचंय," ती म्हणाली. तिच्याच आवाजानं तिला नवल वाटलं असावं, कारण तिनं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. "हो, जायचंय."

घड्याळजींनी तोवर खिशातून फोन काढला होता. दम परत आला होता.

"हां, साडूबुवा. ऐका. खिंडीला आमच्याकडून ही जातेय... नाही, मी नाही. ही. तुमची मेहुणी... अहो, हसता काय? आठ किलोचं घड्याळ घेऊन चार मजले चढली आत्ता, आणि वर येऊन मलाच बोलली... मी? मी सरोवराची तयारी करतोय. पुढच्या वर्षी. वहिनी पास करतील तेव्हा." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि वहिनींना विचारलं, "करतील ना?"

"रोज दोनदा इथवर चढून या," वहिनी म्हणाल्या. "मी ऐकतेय."

बायको केव्हाच टेबलाजवळ वाकून यादी वाचायला लागली होती. "वहिनी, बूट कसले लागतात?" तिनं विचारलं. "आजच बघते. नवे बूट चावतात म्हणे."