बोकडाचा साक्षीदार

ऑफिसच्या सहली मला परवडत नाहीत आणि त्या सहलीतली माणसं तर मुळीच परवडत नाहीत. त्यामुळे पुण्याजवळच्या नांद्यात आमच्या सोसायटीमागे शेळ्या राखणारा माझा मित्र म्हणाला, "रविवारी नदीवर चल. पार मुळशीच्या आत, जंगलात. गाडी तुजी, मटण आमचं," तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. फुकटच्या मटणाला नाही म्हणायची आम्हा परभणीकरांत पद्धत नाही.

रविवारी सकाळी मटण स्वतःच्या पायांनी चालत आलं. मित्र, त्याची आई, त्याचा चुलतभाऊ, भलंमोठं पातेलं आणि एक काळा बोकड.

"ह्याला कुठं बसवायचं?" मी ओरडलो.

"मांडीवर," मित्र शांतपणे म्हणाला.

पौड येईपर्यंत बोकडानं माझ्या सीटच्या कव्हरचा एक कोपरा खाल्ला. मी कावलो. "अरे, सांग की त्याला काहीतरी!" तर मित्र खरंच त्याच्या कानात काहीतरी कुजबुजला आणि बोकड खायचा थांबला.

बोकडाची कहाणी वाटेत कळली. मित्राला साप चावला होता. तो दवाखान्यात निपचित पडलेला असताना आई नदीकाठच्या देवीला बोलली होती, पोरगं उठून चाललं तर गोठ्यातला काळा बोकड देईन. पोरगं उठलं. पण या बोकडाची आई त्याला जन्म देतानाच मेली होती आणि मित्रानंच त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. आता आईला नको म्हणायचं कुठल्या तोंडानं? जीव तर त्याचाच वाचला होता. तो खिडकीबाहेर बघत बोकडाची मान खाजवत राहिला.

गाडी रस्त्यावर सोडून आम्ही झाडीतून खाली उतरलो. नदीकाठी जांभळीखाली शेंदूर फासलेला दगड होता. आईनं मला समोर बसवून नियम सांगितला. "अंगावर पानी वतायचं. त्यानं अंग झाडलं का देवीनं घेतला. उन्हं त्या डोंगराआड गेली तरी झाडलं न्हाई, तर देवीनं सोडला. मग त्याला जलमभर कुनी हात लावायचा न्हाई. आन बघाया परका मानूस लागतोय. घरची खोटं बोलत्यात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हात्तिच्या! म्हणजे मला माझ्या गोड स्वभावासाठी आणलं नव्हतं तर.

आईनं तांब्याभर पाणी ओतलं. बोकड ढिम्म. ती दुसरा तांब्या भरायला वळली, तेवढ्यात मित्रानं माझा टॉवेल उचलला आणि बोकडाला खसाखसा पुसून काढलं.

"ए, काय करतुयास?" चुलतभाऊ सुरी बाजूला ठेवून किंचाळला.

"सर्दी हुईल त्याला."

"कापायचं हाय त्याला! सर्दी कसली?"

मग हेच चालू झालं. आई ओतायची, मित्र पुसायचा. दुपार झाली. चुलतभावानं कांदा-खोबरं भाजून वाटण तयार ठेवलं होतं. त्या वासानं माझ्या पोटात कावळे कोकलत होते. वाटण सोडलं तर बरोबर फक्त भाकरी होती. शेवटी त्यानं अंग झाडावं म्हणून मीच बोकडाच्या कानात फुंकर मारून आलो. खोटं कशाला सांगू, मला तो मेलेला हवा होता, रश्शासकट. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या शर्टाचं बटण खाल्लं. मेल्या!

उन्हं कलली तशी आईला जांभळीखाली डुलकी लागली. चुलतभाऊ कंटाळून नदीत डुंबायला गेला. "पानी वतत ऱ्हा," जाता जाता त्यानं मला बजावलं. मित्र पिळून पिळून चोथा झालेला टॉवेल वाळत घालायला वरच्या खडकावर गेला. मी तांब्या भरून बोकडाच्या पाठीवर ओतला, वैतागून, जरा जोरातच.

आणि त्यानं अंग झाडलं. शिंगांपासून शेपटीपर्यंत, मस्त, मन लावून. मी डोक्यापासून कमरेपर्यंत भिजलो.

मी डोंगराकडे बघितलं. ऊन अजून होतं, हातभर तरी.

त्या आवाजानं आई जागी झाली. मित्र खडकावरून धावत आला आणि माझा ओला शर्ट बघून जागच्या जागी थिजला. त्याला सगळं कळलं. तो बोकडाजवळ खाली बसला आणि त्याच्या गळ्यात हात टाकला. मला त्या दोघांचाही राग आला.

"झाडलं का रं?" आईनं विचारलं.

मी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिसलं ते दिसलं म्हणून सांगायचं, त्याचाच मला पगार मिळतो.

"नाही, मावशी."

"मग तू कशानं भिजला?"

"नदीत पडलो."

ती माझ्या पायांकडे बघत राहिली. पँट गुडघ्याखाली कोरडी होती, बूटही कोरडे. "पडला व्हय," ती म्हणाली. मग डोंगराकडे तोंड करून बसली आणि ऊन पुरतं उतरेपर्यंत तिनं तांब्याला हात लावला नाही. त्यानंतर देवीला नारळ फोडला. आम्ही ते वाटण नुसतंच भाकरीबरोबर खाल्लं. चुलतभाऊ देवीला सोडून बाकी सगळ्यांना शिव्या घालत होता.

परतताना बोकड मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. घराजवळचं चांदे आलं तेव्हा ती त्याच्या कानामागचं पाणी पदरानं टिपत होती.

"पुढल्या खेपेला बी," ती मुलाला म्हणाली, "साक्षीला ह्यालाच आनायचं."