मागच्या सीटवरची तक्रार

"ही गाडी परत घ्या," दळवी म्हणाले आणि चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"काय प्रॉब्लेम येतोय सर?"

"बायकोला सोसत नाही. मुलुंडहून निघालो की भांडुप येईपर्यंत तिला मळमळायला लागतं. आज तर ओकली बिचारी. मला ही गाडी नको."

मी भांडुपला इलेक्ट्रिक गाड्यांच्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर आहे. म्हणजे गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांच्या मधला माणूस. गिऱ्हाईक म्हणतं, "कुठेतरी खडखडतंय." ते 'कुठेतरी' नक्की कुठे, हे शोधून मेकॅनिकला सांगायचं. मेकॅनिकने काय केलं ते गिऱ्हाइकाला पटेल असं सांगायचं. दोन्हीकडची बोलणी खायची. खडखड, करकर, एसी थंड होत नाही, या सगळ्या तक्रारी मी घेतल्या होत्या. बायको ओकते, ही पहिलीच.

दळवींना आमच्याकडे सगळे ओळखत होते. मुलुंड पूर्वेला राहणारे, मूळचे मालवणकडचे, रिटायर्ड. गाड्यांचं प्रचंड वेड. जुनी पेट्रोल गाडी त्यांनी पोरासारखी सांभाळली होती. रविवारी पहाटे त्यांचा मित्रांचा ग्रुप गाड्या काढून घाटात जायचा, वडापाव खाऊन परत यायचा. इलेक्ट्रिक गाडीला हे सगळे जण 'मिक्सर' म्हणायचे. दळवी तर सगळ्यात पुढे.

मग दळवीकाकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जुन्या गाडीची सीट खाली, काकूंना त्यात वाकून बसता येईना. उंच सीटची, हादरे न देणारी गाडी हवी होती. शोधता शोधता दळवी नेमके मिक्सरपाशी येऊन थांबले. ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणे त्यांना विचारलं, "दळव्या, चटणीचं भांडं सोबत मिळालं का रे?" हे त्यांनीच मला डिलिव्हरीच्या दिवशी सांगितलं होतं. हसत हसत, पण लागलं होतं ते दिसत होतं.

आता त्या ग्रुपला काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न होताच. खरा प्रश्न मात्र वेगळा होता. काकूंना फिजिओथेरपीसाठी घाटकोपरला जावं लागायचं. गुडघा वेळेवर वाकवला नाही तर कायमचा आखडतो. आणि गाडीच्या धास्तीने काकू आता जायलाच नाही म्हणत होत्या. रिक्षात पाय लांब करता येत नाही, टॅक्सीतही तीच गत.

मी गाडी ठेवून घेतली. टायरमध्ये हवा थोडी जास्त होती, ती कमी केली. सस्पेन्शन बघितलं. सस्पेन्शन म्हणजे खड्ड्याचा धक्का गिळणारी खालची यंत्रणा. ती ठीक. चाकं सरळ रेषेत. आमच्या मेकॅनिकने एलबीएस रोडवर दोनदा फिरवून आणली. एकदा मी फिरवली. गाडी झकास चालत होती.

आमचे मॅनेजर म्हणाले, "नो प्रॉब्लेम फाउंड. लिहून दे आणि विषय संपव."

"सर, प्रॉब्लेम आहे. त्या बाईंना त्रास होतोय."

"मग त्यांना डॉक्टरकडे जाऊ दे ना."

"मी एकदा त्यांच्याबरोबर गाडीत बसून येऊ का? घाटकोपरपर्यंत?"

"अस्मिता, तू सर्व्हिस अॅडव्हायझर आहेस. नर्स नाहीस."

"तासाभरात परत येते, सर."

त्यांनी हात झटकला. मी तो होकार समजले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची गाडी घेऊन मुलुंडला दळवींच्या बिल्डिंगखाली गेले. काकू काठी टेकत आल्या. बारीक, गोऱ्या, ओठ घट्ट मिटलेले. पुढची सीट पूर्ण पुढे ढकललेली होती, म्हणजे त्यांना मागे बसून पाय लांब करता येईल. मी त्यांच्या शेजारी, दळवींच्या मागे बसले. मांडीवर काकूंनी प्लॅस्टिकची पिशवी उघडून तयार ठेवली होती. मुठीत आवळासुपारी.

"उगाच तुला त्रास गं," त्या म्हणाल्या. "गाडी चांगलीच आहे. माझंच काहीतरी."

निघालो. मेट्रोच्या कामामुळे रस्ता कधी रुंद, कधी अरुंद. दळवी सफाईने चालवत होते. पण दर वेळी त्यांनी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी पुढे झुकायची आणि आम्ही दोघी तिच्याबरोबर. पुन्हा पाय दिला की मागे. झुकलो, मागे. झुकलो, मागे. काकूंनी डोळे मिटले होते. नाहूरपर्यंत मलाच गाडी लागायला लागली. आदल्या दिवशी मी स्वतः गाडी चालवली तेव्हा यातलं काहीच जाणवलं नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर उलटं काम करते. चाकांच्या फिरण्यातून वीज बनवून बॅटरीत परत टाकते, आणि त्यात गाडीचा वेग आपोआप कमी होतो. याला आम्ही रिजन म्हणतो. ते कमी-जास्त करता येतं. मी पुढे वाकून स्क्रीन बघितला. दळवींनी ते सगळ्यात वर ठेवलं होतं.

"सर, एवढं का ठेवलंय?"

"अगं, हाय ठेवलं की दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरल्यासारखं वाटतं," ते आरशात बघत म्हणाले. "गाडी मागे खेचते ना, ते. बाकी या गाडीत गाडीसारखं आहे काय?"

तेवढ्यात काकूंनी माझा हात दाबला. "थांबवा हो."

कांजूरमार्गच्या अलीकडे एका झाडाखाली थांबलो. दळवी धावत मागे आले. काकू दाराशी बसून खोल श्वास घेत राहिल्या. दळवींनी त्यांना पाणी पाजलं, त्यांच्याच पदराने तोंड पुसलं.

मी विचारलं, "काकू, जुन्या गाडीत कधी असं व्हायचं?"

"नाही गं. कधीच नाही. यांच्याबरोबर आंबोलीपर्यंत गेलेय मी."

"मग हिच्यातच का?"

काकूंनी पाण्याचा आणखी एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "तिचा आवाज यायचा ना. आवाज जरा उतरला की मला कळायचं, आता हे गिअर बदलणार. गुरगुरली की आता ओव्हरटेक. मी आधीच सावरून बसायची. इतक्या वर्षांत सवयच झाली. हिच्यात काही कळतच नाही. एकदम ढकलल्यासारखं होतं."

दळवी पाण्याची बाटली हातात धरून उभेच राहिले.

"तू इंजिन ऐकायचीस?" त्यांनी विचारलं.

"मग काय करू? तुम्ही गाडीत माझ्याशी बोलायचात कुठे?"

ती काही तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं त्यांनी. पण दळवींचा चेहरा बघवेना. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग चावी माझ्यापुढे धरली.

"तू चालव. मी हिच्याजवळ बसतो. आणि मी चालवतो तशीच चालव."

मी चालवायला घेतली. पाय पटकन देत, पटकन उचलत. आरशात दोघं दिसत होते. दळवी सीटची कडा धरून ताठ बसले होते. दोन सिग्नल गेले आणि त्यांनी काकूंच्या मुठीतली आवळासुपारी मागून घेतली.

"बस झालं," ते म्हणाले. "गाडीचा दोष नाही. माझा पाय आहे हा."

मी रिजन सगळ्यात खाली आणलं. पाय हळू उचलत गेले आणि प्रत्येक वेळी आधी सांगितलं, "काकू, आता कमी करतेय." विक्रोळीपर्यंत काकूंनी डोळे उघडले. घाटकोपरला उतरताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माका आता बरा वाटता."

दळवींनी गाडी परत केली नाही. पण रिजन खाली आणल्यावर त्यांच्यासाठी त्या गाडीत उरलं काय, याची मला काळजी होती. चार-पाच दिवसांनी हवा चेक करायला आले तेव्हा मी विचारलं. त्यांचे डोळे चमकले.

"अगं, पाय किती हलका ठेवावा लागतो माहितेय? पाय उचलायचा नाही, सोडत न्यायचा. गाडी कधी थांबली ते कळता कामा नये. घाटातसुद्धा मी एवढी मन लावून चालवली नव्हती. आणि तोंडाने सांगत बसतो. 'सिग्नल इलो गो, पाय काढतंय.' 'खड्डो आसा.' ती हसते. म्हणते, आता तुम्हीच इंजिन."

त्यांच्या ग्रुपमधला एक मित्र नंतर आमच्याकडे आला. आईला गाडी लागते, मळमळतं, म्हणाला. त्याने टेस्ट ड्राइव्ह मागितली आणि चावी दिली तर म्हणाला, "चालवायची नाही. दळव्याने सांगितलंय, आधी मागे बस." मिक्सर हा शब्द त्याने उच्चारला नाही. निदान माझ्यासमोर तरी.

मॅनेजरनी मला शेवटी विचारलं, "मग त्या गाडीत फॉल्ट होता तरी काय?"

"काही नाही सर. गाडी फार शांत आहे."

त्यांना ते समजलं असं वाटत नाही.

पुढच्याच आठवड्यात दुपारी दळवींचा फोन आला. अगदी दबक्या आवाजात बोलत होते. मला वाटलं, पुन्हा काहीतरी झालं.

"काय झालं काका? गाडी बंद पडली का?"

"नाही गं. घाटकोपरला पोचलोय. ही मागे झोपलीय."

"झोपल्यात?"

"गाढ. ऑपरेशननंतर रात्रीची झोपच नाही तिला. एसी चालू ठेवलाय, गाडी जराही हलत नाही की आवाज नाही. जुनी असती तर इंजिनाच्या धडधडीने उठली असती." मग थांबून म्हणाले, "फिजिओची वेळ झालीय. उठवू?"

आमच्या ट्रेनिंगमध्ये याचं उत्तर नव्हतं.

"फिजिओला फोन करून सांगा, थोडा उशीर होईल," मी म्हटलं.

"तेच करतो," ते कुजबुजले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून कुठलीही तक्रार आली की मी गाडी बघण्याआधी एक विचारते, त्रास कुणाला होतो आणि तो माणूस कुठे बसतो. मग चावी मेकॅनिकला देते आणि स्वतः जाऊन त्या सीटवर बसते. अर्ध्या गाड्या तिथेच दुरुस्त होतात.