तहकूब सभेचे भाऊसाहेब

कातकरी वाडीतली चंद्रा गेल्या वर्षी भातलावणीच्या पहिल्या सोमवारी, भर सकाळी, ताम्हिणीच्या रस्त्यावर जीपमध्ये बाळंत झाली, कारण नर्स नसल्यानं आमच्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप होतं. ते अजून आहे. सरकार म्हणतं, कारभार आम्ही गावाच्या हाती दिलाय. गावाचा हात म्हणजे आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब.

माणूस अत्यंत सभ्य. चष्मा पुसल्याशिवाय कुणाला नाही म्हणत नाहीत. ग्रामसभा नेमकी ऐन लावणीत ठेवतात, रिकाम्या सतरंजीकडे बघून हळहळतात, ‘लोकांना आस्थाच नाही हो,’ म्हणतात आणि पुरेशी माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब करतात. मग चहा होतो. चहानंतर तीच सभा पुन्हा भरते आणि सगळं मंजूर होतं, कारण तहकूब सभेला माणसांची अट नसते.

यंदा चहा चालू असताना चंद्राचा नवरा चिखलाच्या पायांनी आला.

‘भाऊसाहेब, नर्सबाई कवा येनार?’

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. ‘प्रश्न योग्य आहे. पण तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. मघाशी कुठं होतात?’

‘सरपंचांच्याच खाचरात. लावनी करत हुतो.’

भाऊसाहेबांनी आपला चहाचा कप त्याच्या हातात दिला. खरंच दिला, अगदी मायेनं.

चंद्राला पुन्हा दिवस गेलेत. पुढची सभा भाऊसाहेब भातकापणीत ठेवतील. गावकऱ्यांनो, त्या दिवशी विळा बांधावर ठेवा, चहाच्या आधी या आणि नर्स मिळाल्याशिवाय सतरंजीवरून उठू नका.