आमच्या गावाला ना

शाळेत माझ्या बेंचवर बसणाऱ्या मुलीचं कुठलंही वाक्य ‘आमच्या गावाला ना’ असं सुरू व्हायचं, आणि ते ऐकलं की माझ्या पोटात दुखायला लागायचं. खोटं कशाला बोलू? मी जळायचे तिच्यावर. तिच्या वेण्या माझ्यापेक्षा लांब होत्या त्याचं काही नाही. तिला गणितात जास्त मार्क पडायचे, त्याचंही फारसं नाही. पण तिला गाव होतं, आणि ती ते रोज वर्गात घेऊन यायची.

तसं गाव मलाही होतं. नेपाळात, लांब डोंगरात. मी चालायला लागले तोवर आम्ही मुलुंडला आलो होतो. बुवा, म्हणजे माझे वडील, एका सोसायटीत वॉचमन लागले आणि पाण्याच्या पंपाशेजारची खोली आमचं घर झाली. महापालिकेची मराठी शाळा चालत जाण्यासारखी होती, दुपारी खिचडी मिळायची, म्हणून माझं नाव तिथे घातलं. मराठी मला कधी यायला लागलं ते मलाच आठवत नाही. भांडायला मात्र मला तेव्हाही मराठीच सुचायचं आणि आजही तेच सुचतं.

वर्गातली निम्मी पोरं कोकणातली. गणपती आले की वर्ग ओस पडायचा. शाळेला सुट्टी चार-पाच दिवसांची, पण ही मंडळी त्याच्या आधीच पसार व्हायची आणि नंतरही सावकाश उगवायची. तोवर बाई नवीन धडा घ्यायच्या नाहीत. आम्ही उरलेले, कुणी बिहारचा, कुणी यूपीतल्या गोंड्याचा आणि एक मी, चित्रं काढत बसायचो. चित्रं तरी कसली, गणपतीचीच.

मग एकेक जण परत यायचा. पायाला डास चावल्याचे फोड, बोलण्यात नवा हेल आणि दप्तरात खाजा. बेसनाच्या जाड कांड्या, आलं घातलेल्या गुळात घोळवलेल्या. मधल्या सुट्टीत पुडे सुटायचे. माझ्या बेंचवरची बाईसाहेब वाटताना असा काही भाव खायची की विचारू नका.

“हळू खा गं, दात तुटेल. आमच्या गावाला ना, जत्रेत समोर करून देतात.”

मी तिचाच खाजा खायचे आणि तिलाच सांगायचे, “आमच्याकडे याहून चांगलं मिळतं.”

“मग आण की,” ती म्हणायची.

आणणार कुठून? मला तेवढंच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, आपल्या गावाहून आलेला पुडा त्या बेंचवर सोडायचा आणि सगळ्यांच्या तोंडावर म्हणायचं, आमच्या गावाला ना. तिचं गाव मला पाठ झालं होतं. विहीर कुठे, चिंच कुठे, कुठल्या वळणावर कुत्रा अंगावर येतो, सगळं. माझ्या गावातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. एकदा मी मुलुंडच्या मागचे डोंगर दाखवून म्हटलं, आमचं गाव याहून उंच आहे. ती म्हणाली, “बघितलंयस का?” मेलीला नेमकं तेच विचारायचं होतं.

बुवांना रजा म्हणजे दिव्य. सोसायटीत त्यांना सगळे ‘बहादूर’ म्हणायचे, जे त्यांचं नाव नव्हतं. “बहादूर, तू गेलास तर गेट कोण सांभाळणार? बदली माणूस दे आणि जा.” बदली मिळायचा नाही. मी सातवीत असताना धाकट्या काकांचं लग्न निघालं, तेव्हा कुठे बुवा गेले, तेही एकटेच. निघताना मी त्यांना बजावलं, “खाण्यासारखं काहीतरी आणा. वर्गाला पुरेल एवढं.”

त्यांनी छुर्पी आणली. याकच्या दुधाचं चीज, उन्हात आणि धुरावर वाळवून वाळवून पार कडक झालेलं. फिकट पिवळे चौकोनी तुकडे.

मी आदल्या दिवशी आरशासमोर बोलून बघितलं होतं. मधल्या सुट्टीत पुडा सोडला, दम घेतला आणि म्हटलं, “आमच्या गावाला ना, हे याकच्या दुधाचं करतात.” पहिल्याच पोराने कचकन चावलं आणि थुंकलं. “दगड आहे रे हा!” दुसऱ्याने तुकडा बेंचवर आपटून आवाज काढला. मग काय, सगळेच आपटायला लागले. ते चावायचं नसतं, गालात धरायचं असतं, हे मी ओरडून सांगत होते. ऐकतंय कोण? बेल झाली तेव्हा अर्धी छुर्पी जमिनीवर होती आणि माझे कान तापले होते.

मी शेजारी बघितलंच नाही. ती आता काय बोलेल ते मला माहीत होतं. पण ती बोलली नाही. इतिहासाचा तास गेला, हिंदीचा गेला, आणि शाळा सुटायच्या आधी तिने मला कोपर मारलं. तिचा एक गाल फुगलेला होता.

“मऊ झालं गं,” ती म्हणाली. “दुधासारखं लागतंय. झकास.”

त्या क्षणी मी तिला तिची विहीरसुद्धा माफ केली. पण कशाचं काय! दुसऱ्या दिवशी ती वर्गभर छुर्पी शिकवत फिरत होती. “असं नाही रे, चावायचं नाही. गालात धरायचं आणि विसरून जायचं. धीर पाहिजे त्याला.” जे मी घसा फोडून सांगितलं तेच. पण तिचं सगळे ऐकत होते. मागच्या बाकावरचा एक जण तर तिलाच म्हणाला, “ए, अजून आण ना.” यालाच म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. स्वतःचं गाव होतंच, वर माझंही अर्धं घेऊन बसली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिला ते कळलंही नाही, ती आपली बडबडतच होती.

नववीच्या मे महिन्यात शेवटी बुवांना बदली मिळाला आणि आम्ही सगळेच निघालो. हे कळल्यावर तिच्या आईने मला घरी बोलावलं. शिमग्याहून आणलेल्या खाज्याचा मोठा पुडा माझ्या हातात कोंबला.

“घे गो बाय. रिकाम्या हातान कोण गावाक जाता?”

गोरखपूरची गाडी, मग बस, मग जीप, मग पायवाट. आजीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाकी सगळ्यांसाठी मी ‘मुंबईवाली’. माझं नेपाळी ऐकून पोरं हसायची. माझ्याच वयाची एक चुलत बहीण होती. झऱ्याच्या वाटेवर ती पाय न बघता चालायची आणि मी घसरायचे. कुणाची बकरी कुठली, कुठल्या घरचा कुत्रा चावतो, सगळं तिला माहीत. बघा नशीब, एवढ्या लांब येऊनही माझं गाव दुसरीचंच निघालं. मी परत जळायला लागले.

तिसऱ्या दिवशी मला पुड्याची आठवण झाली. अंगणातल्या दगडावर बसून मी तो सोडला. पोरं गोळा झाली.

“हे काय?” बहिणीने विचारलं.

“हळू खा, दात तुटेल,” मी म्हटलं. “आमच्या गावाला ना, हे मधल्या सुट्टीत खातात.”

मग मी थांबेचना. आमच्या गावाला गणपती आले की शाळा रिकामी होते. आमच्या गावाला दुपारी खिचडी मिळते. आमच्या गावाच्या मागे डोंगर आहेत, तुमच्यापेक्षा लहान आहेत, पण आहेत. माझ्या बेंचवर एक मुलगी बसते, तिच्या आईने हे दिलंय. माझ्या मोडक्या नेपाळीला आता कुणी हसत नव्हतं.

बहिणीने एक कांडी तोंडात टाकली. माझ्याकडे बघत बघत ती सावकाश चावली.

“आमच्याकडे याहून चांगलं मिळतं,” ती म्हणाली आणि पुडा तिने आपल्याकडे ओढून घेतला.