आबांनी कॉलेज पसंत केलं

मॅट्रिकला मी जिल्ह्यातल्या मुलींत पहिली आले. तेव्हा आमच्या मुलखाला पश्चिम खानदेश म्हणत. त्या सबंध पश्चिम खानदेशातून त्या वर्षी किती मुली बसल्या होत्या ते विचारू नका. सगळ्या मिळून एका बैलगाडीत मावलो असतो. म्हणून पहिली येण्यात काही विशेष नव्हतं असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. आमच्या शाळेतल्या मुलांतही माझ्या पुढे दोघेच होते. हे कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगून टाकते. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद आला तो माझ्या नावाचा, आणि तो कसा आला ते सांगण्याचा हक्क माझा आहे.

नंदुरबारला मामाकडे राहून मी शिकले. तिथले हेडमास्तर वर्तमानपत्र वाचून झालं की कात्री घेऊन बसत. पुण्याच्या एका बायकांच्या कॉलेजाची जाहिरात त्यांनी कापून हजेरीच्या वहीला टाचून ठेवली होती, माझा निकाल लागायच्या कितीतरी आधीपासून. कोणी एक शेठजी मरताना बायकोच्या नावे ठेव ठेवून गेले होते. हुशार मुलीला फी माफ, वसतिगृह, जेवण, पुस्तकं सगळं त्यातून. मृत्युपत्र करताना शेठजींच्या डोळ्यांपुढे मुलगी अगदी उभी राहिली असावी, कारण शेवटी लिहिलं होतं, "वर्षास दोन लुगडी व डोक्यास तेल."

हेडमास्तरांनी अर्ज लिहिला, मी सही केली, आणि महिन्याभरात मंजुरीचं पत्र आलं. मुलीने स्वतः अमुक तारखेच्या आत हजर व्हावं. सोबत वडिलांची संमती आणि ओळखीच्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्या हव्यात. तसं न झाल्यास जागा पुढच्या मुलीला जाईल.

ते पत्र घेऊन हेडमास्तर आमच्या गावी आले. आमचं गाव तापीपलीकडे, कळसाडीच्या अंगाला, कापसाचं. ओट्यावर घोंगडी टाकली. मधोमध आबा बसले. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे काका. आबांनी मान हलवल्याशिवाय आमच्या घरात कपाशीचं बीसुद्धा जमिनीत पडत नसे. माझे वडील, त्यांना आम्ही बापू म्हणायचो, ते आबांच्या मागे भिंतीला टेकून बसले. हेडमास्तरांनी पत्र वाचलं. आबांनी लुगडी आणि तेल हा भाग पुन्हा वाचायला लावला.

"म्हंजे खानं त्यास्नं, लुगडं त्यास्नं, ऱ्हानं त्यास्ना घरमा," आबा म्हणाले. "मंग हाई लगीनच शे ना, मास्तर?"

"लग्न नाही हो आबा, शिक्षण."

"नवरदेव नही शे, इतलाच फरक. पोर तर देनीच पडी ना? मंग आम्ही पहिले घर देखसूत."

हे नीट समजून घ्या. आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी तिचं घर पाहतात. मुलगा नंतर पाहिला तरी चालतो, एखाद्या वेळी राहूनही जातो. पण विहीर, गोठा, धान्याच्या कोठ्या आणि सासू, एवढं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार नाही.

"अहो, पुण्याला आहे ते!" हेडमास्तर कळवळले. "किती लांब पडेल!"

"मंग पोर काय टपालमा टाकानी शे?"

मी दाराआडून ऐकत होते. मला माहीत होतं, पुणं नापसंत पडलं तर म्हसावद तयार होतं. म्हसावदचं स्थळ थंडीतच पाहून झालं होतं. दोन विहिरी, उन्हाळ्यातही पाणी, दावणीला आठ बैल. नाव ठेवायला जागा नव्हती. आईने लग्नाच्या शेवया करून डबेसुद्धा भरून ठेवले होते.

एक अडचण होती. घर पाहायला जाताना मुलीला कोणी नेत नाही, आणि पत्रात तर मुलीने हजर व्हावं असं लिहिलेलं. आबांनी दोन दिवस विचार केला आणि मला बोलावलं.

"तू संगे येशी. पन तू तठे नही शेस. समजनं का? डोकावर पदर, नजर खाले, घर देखानं नही."

असे आम्ही निघालो. आबा, बापू, कोर्टात कारकून असलेला माझा मामा, आणि तिथे नसलेली मी. तापी नावेतून ओलांडली, दोंडाईच्याला गाडी धरली, मग जळगाव, मनमाड, दौंड. बापूंच्या हातात माझी पत्र्याची पेटी, मामाच्या खांद्यावर केळीचा अख्खा घड. घर पाहायला रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि घर पसंत पडेपर्यंत हातातलं द्यायचंही नाही, अशी रीत. त्यामुळे दोन दिवस त्या घडाला दर गाडीत माणसासारखी जागा लागली. वरची केळी वाटेतच पिकली. गाडीतली माणसं वळून वळून बघत. मामाने एकाला एक केळ द्यायला हात घातला तर आबा गरजले, "अजून पोर देयेल नही शे!"

कॉलेज मी पहिल्यांदा पाहिलं ते गुडघ्यांच्या खालून. दगडी फरशी, खांबांची बुडं, आणि पावलं. घराच्या आत चपला घालून फिरणारी बायकांची पावलं मी तोवर पाहिली नव्हती. मग एक नऊवारीचा काठ समोर येऊन थांबला आणि किल्ल्यांचा जुडगा वाजला. त्या वसतिगृहाच्या बाई. किल्ल्यांचा आवाज ऐकून आबा मामाला हळूच म्हणाले, "सासू शे."

"या, बसा," बाई म्हणाल्या. "लांबून आलात. पाणी घ्या."

"पानी मंग. पहिले विहीर दखाडा."

बाईंना कळेना. मामाने शुद्ध भाषेत सांगितलं, "विहीर पाहायची म्हणताहेत."

"विहीर कशाला? नळ आहे."

आबांनी नळ सोडला, बंद केला, परत सोडला. "पानी कोठेन येस?"

"धरणातून."

"धरन कोन्हं?"

"सरकारचं."

"म्हंजे विहीर नही," आबांनी बापूंना सांगितलं. बापूंनी मान खाली घातली. माझी तर खालीच होती.

गोठा नव्हता, दूध गवळ्याकडून येई. आबांनी तेही ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरमा पोरी कितल्या?"

"साठ."

"अनी पोऱ्या?"

"मुलगे? मुलगा एकही नाही. बायकांचं कॉलेज आहे हे."

आबा जवळच्या बाकावर टेकले. "साठ सुना," ते म्हणाले, "अनी आख्खा घरमा एक पोऱ्या नही."

"आबा, कॉलेज शे हाई," मामा कुजबुजला.

"मले दखास!"

कोठ्या मात्र चांगल्या निघाल्या. आबांनी गव्हात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर वर काढून हुंगला, दाताखाली एक दाणा फोडला. कीड नव्हती. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा खाली आला.

एवढ्यात जेवणाची घंटा झाली. घर पाहायला गेलं की सुना कधी आणि काय जेवतात ते न सांगता पाहून ठेवायचं, ही आबांची स्वतःची युक्ती. ते म्हणत, विहीर कोणीही दाखवतो, सुनेचं ताट कोणी दाखवत नाही. ते मामाला घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले, आणि पुढचं मला मामानेच सांगितलं. साठ मुली पंगतीने बसल्या. बाई स्वतः वाढत होत्या, आग्रह करत होत्या, एकीला रागे भरून भात वाढत होत्या. सगळ्या उठल्या, पाटसुद्धा उचलले गेले. मग बाई चुलीपाशी बसल्या आणि उरलेली पोळी आमटीत कुस्करून खाऊ लागल्या.

आबा परत आले ते घाबरलेले. "सासू मांगून जेवस," ते म्हणाले. "सुना पहिले, सासू मांगून. मी उभा जनममा असं घर नही देखं. हाई बठं खरं शे का आपले दखाडाकरता करी ऱ्हायनात?"

"त्यांना आपण आज येणार हे ठाऊक नव्हतं," मामा म्हणाला.

मी खाली मान घालून हिशोब मांडला. गहू आणि ते ताट एका बाजूला, विहीर, गोठा आणि साठ सुना दुसऱ्या बाजूला. मी मनात म्हणत होते, आता कागद पुढे करा, लवकर करा.

बाईंनी हात धुऊन कागद पुढे केला आणि अटी वाचल्या. शेवटची अट अशी की दर वर्षी पहिल्या वर्गाचे मार्क पडले पाहिजेत, नाही पडले तर स्कॉलरशिप बंद.

मामाने ते आबांना सांगितलं मात्र, आबा उभे राहिले.

"म्हंजे मार्क कमी पडनात का पोरले टाकी देशात?"

"टाकणार नाही हो. फक्त पैसे बंद होतील."

"खानं बंद, लुगडं बंद. मंग टाकनं आखो काय ऱ्हास? आमनी पोर नांदाडानी ते सरळ नांदाडा. वरीसले वरीस पारखीसन कोन्ही सून ठेवस का?"

बाई खरोखर चांगल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "हा नियम माझा नाही. शेठजींनी घालून दिला आहे, आणि ते तर वारले. आता कोणाला बदलता येत नाही."

"सासरा बी मरेल शे!" आबा मामाकडे वळले. "चाल रे. उचल घड."

मामाने घड उचलला. बापूंनी पागोटं सारखं केलं. मला समोर म्हसावदच्या दोन्ही विहिरी दिसायला लागल्या.

नवरीने आपल्या सोयरिकीत बोलणं म्हणजे आमच्याकडे काय, हे कुणाला सांगून पटणार नाही. तिचं लग्न मोडतं आणि धाकट्या बहिणीचंही अडतं. मी पदर मागे सारला आणि म्हटलं, "आबा, मन्हा मार्क कमी नही पडतीन."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मामाला विचारलं, "कोन बोलनं?"

मामाने इकडेतिकडे पाहिलं. "कोन्ही नही."

"अनी पडनात ते," मी म्हटलं, "मी सोता म्हसावदले जासू. कोन्ही धाडाले येवानी गरज नही."

दोन दिवसांत बापू पहिल्यांदा बोलले. "आबा, ती बोलनी."

"मी नही आयकं," आबा म्हणाले. पण ते बसले. मामाने घड खाली ठेवला नाही, नुसता खांदा बदलला. आबांनी बाईंना विचारलं, "आखाजीले धाडशात का माहेरले?"

मामाने सांगितलं, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, त्या सणाला आमच्याकडे सासरच्या मुली घरी आणतात.

"तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते," बाई म्हणाल्या. "सगळ्याच घरी जातात. चांगला दीड महिना."

"दीड महिना!" आबांचा चेहरा एकदम उघडला. "मन्ही सोतानी पोरले तिना सासरना आठ रोज नही धाडतस! आना तो कागद."

बापूंनी सही केली. त्यांना लिहिता येई ते तेवढंच. मामाने प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून इंग्रजीत सही ठोकली, खाली दोन रेघा मारल्या. आबांनी अंगठा शाईत बुडवला आणि इतका जोरात दाबला की तो ठसा पुढच्या दोन कागदांवर उमटला. घड बाईंच्या हवाली झाला. वरची केळी तोवर काळी पडली होती. बाईंनी ती ओंजळीत घेतल्यासारखी घेतली.

"आता तरी पाणी घ्या," त्या म्हणाल्या.

"आते कसं चाली? पोर दिधी. पोरना घरनं पानी आम्हले चालत नही."

विहीर पाहायच्या आधी पाणी नको, आणि मुलगी दिल्यावर चालत नाही. या दोहोंच्या मध्ये पाणी प्यायला जागाच नव्हती. सकाळपासून आबांच्या घशात थेंब गेलेला नव्हता.

फाटकापाशी येऊन ते थांबले. काहीतरी राहिल्यासारखं त्यांना वाटत होतं. मग लक्षात आलं. मुलगी घरातून जाते तेव्हा बायका रडतात, आणि आम्ही बाई एकही आणली नव्हती.

"रड रे," आबांनी मामाला फर्मावलं.

"मी?"

"तू मामा शे. तुन्हा मान शे."

मामा कोर्टातला माणूस. त्याने आधी घसा साफ केला, खिशातून रुमाल काढला, आणि सुरुवात केली. प्रथम अगदी खोटं. मग आबांनी त्याला साथ दिली, तीही रीत म्हणून. बापू मात्र खरे रडले. त्यांना रीतही माहीत नव्हती आणि आवाजही काढता येईना. ते नुसते भिंतीला हात लावून उभे राहिले आणि पागोट्याचं टोक डोळ्यांना लावत राहिले.

आता मुलगी दिलेली होती, तेव्हा वर पाहायला हरकत नव्हती. मी मान उचलली आणि कॉलेज पहिल्यांदा सबंध पाहिलं. दोन मजले, लाल कौलं, वरच्या कठड्याला टेकून पन्नासेक मुली.

त्यातली एक खाली आली. फाटकाशी रडणाऱ्या तीन पुरुषांकडे पाहून तिने आवाज अगदी हळू केला.

"तुमच्याकडे कोणी वारलं का हो?"

"नाही," मी म्हटलं. "मला स्कॉलरशिप मिळाली."

माझ्या पत्र्याच्या पेटीची एक कडी तिने धरली, दुसरी मी धरली.