महाराजांपुढे मी संत वाचले

मुलगी दहावीला गेली त्या वर्षी मी साकोलीच्या कॉलेजात बी.ए.ला नाव टाकलं. लग्नात सुटलेलं शिक्षण होतं. नवरा म्हणाला, "शीक." सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत, आणि त्यांचं गप्प राहणं आमच्या घरात नकाराहून जड असतं.

मराठीच्या एका पेपरला मध्ययुगीन साहित्य होतं. जुनं म्हणजे सगळं हात जोडून वाचायचं, असं मला वाटायचं. पण सरांनी भोंदूंवरच्या रचना शिकवायला घेतल्या आणि मी बाकावर सरळ होऊन बसले. दुसऱ्याला उपास सांगून स्वतः तूपभात जेवणारा, देवाच्या नावाने दुकान मांडणारा, जप करता करता भक्ताच्या गाठोड्याकडे बघणारा माणूस संतांनी असा रंगवला होता, की अख्खा वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मला आमच्या गावचे महाराज दिसत होते.

काही वर्षांपूर्वी ते आले आणि तलावाच्या पाळीवरच्या खोलीत राहिले. गळा गोड होता. माझी नणंद तापाने गेली, तेव्हा सासूबाईंचं जेवण सुटलं होतं. महाराजांच्या प्रवचनाने त्या पुन्हा ताटावर बसू लागल्या, हे मी नाकारत नाही. पण पुढे महाराजांनी 'माया सोडा'चा धोशा लावला. सोनं म्हणजे माया. बाया एकेक दागिना उतरवून त्यांच्या पायाशी ठेवू लागल्या. देवाला मुकुट घडवायचा होता म्हणे. मुकुट कोणी पाहिला नाही. महाराजांच्या गळ्यातली साखळी मात्र दर सणाला जाड होत गेली.

धान कापून झाल्यावर सप्ता बसला. शेवटच्या दुपारी मी एसटीतून उतरले ती थेट मांडवातच गेले. समोर बघते तर सासूबाई ताटात एक माळ ठेवत होत्या. नणंदेची माळ. पेटीतल्या तिच्या लुगड्याच्या घडीत जपलेली. भर सभेत सासूला अडवायचं कसं?

महाराज सांगत होते, "संतांच्या मुखातून खोटं अक्षर निघत नाही. जो संतांवर शंका घेईल, तो नरकात जाईल." मग त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली. "या सूनबाई कॉलेजात शिकतात. आज त्याच संतवाणी वाचतील."

मी पुस्तक काढलं आणि तेच पान उघडलं. एकेक ओळ वाचायची आणि आपल्या बोलीत तिचा अर्थ सांगायचा. आधी महाराज डोळे मिटून मान डोलावत होते. तूपभाताची ओळ आली तशी मागच्या बाया खुसखुसल्या. दुकानाची आली तशी मान थांबली. भक्ताच्या गाठोड्याची आली, तेव्हा सगळा मांडव त्या ताटाकडे बघत होता.

"बंद कर!" महाराज ओरडले. "हे कोण्या नास्तिकानं लिहिलं?"

"नाही महाराज," मी म्हटलं, "हे संतांचंच आहे. कॉलेजात शिकवतात."

माझ्यानंतर कोणी बोलेल असं वाटलं नव्हतं. पण सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"महाराज, संत खोटं बोलत नाहीत, हे तुमीच आत्ता सांगतलं ना?"

"हो, पण..."

"मंग माह्या पोरीची माळ मले वापस द्या."

महाराज ताटाकडे हात नेणार, तेवढ्यात सासूबाईंनीच माळ उचलली आणि पदरात बांधली. मागून एक बाई म्हणाली, "माह्या पाटल्या कुठी हायेत?" दुसरी उठली, तिसरी उठली. मांडवातून बायांचा लोंढाच पाळीवरच्या खोलीकडे निघाला. कोणी कोणाला हात लावला नाही. खोलीतला दागिन्यांचा डबा बाहेर आला, आणि ज्याचं त्याला मिळालं. काही दागिने गेलेच होते. त्यासाठी बाया दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनात गेल्या, तेव्हा पुढे सासूबाई होत्या. महाराज त्याआधीच पहाटेच्या गाडीने पसार झाले होते, पण पोलिसांनी त्यांना शोधून आणलं.

त्या दुपारी मांडवातून घरी येताना सासूबाई रस्ताभर बोलत होत्या. पोरगी गेल्यापासून इतकं बोलणं मी ऐकलं नव्हतं. तिला माळ कशी शोभायची, ती कशी हसायची, सगळं सांगितलं. मधेच थांबून म्हणाल्या, "मी देवाले नाही सोडलं, हं."

"कोण म्हणतं सोडलं, आत्याबाई?"

"मंग आता तू वाचत जाजो. मी आयकत जाईन."

आता आमच्या अंगणात शनिवारी पंधरा-वीस बाया जमतात. काही नुसत्या ऐकतात, काही भांडतात. एखाद्या ओळीचा अर्थ मी घाईने उरकला, तर सासूबाई चटकन अडवतात, "असं काहून म्हनते तो? नीट सांग." आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.