गोळ्याचा माळ

काल नांदेडच्या बाजारात एक घोंगडी सहज हातात घेतली आणि लोकरीच्या उग्र वासानं मला थेट देगलूरजवळच्या आमच्या माळावर नेलं.

त्याला सगळे गोळ्याचा माळ म्हणत. उदगीरच्या लढाईत सुटलेला तोफेचा गोळा इथं येऊन पडला, असं माझे वडील दरवर्षी सहावीच्या मुलांना तिथं नेऊन सांगत. ते आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांनाही ते त्यांच्या गुरुजींनी सांगितलेलं. त्या वर्षी सहावीत मीही होते. गोळा पडायच्या वेळी त्यांचा आवाज चढला, तेवढ्यात शेजारी मेंढरं राखत बसलेली नरसम्मा खुदकन हसली.

"गुर्जी, उदगीर कुठं अन् ह्ये कुठं! गोळा न्हाई, गोल्ला. आमच्या तेलुगूत मेंढरंवाल्याला गोल्ला म्हणतेत. माझ्या आज्जाचा माळ हाय ह्यो."

पोरं फिदीफिदी हसली. माझे कान तापले. वडील तिच्या ओल्या घोंगडीजवळ मातीतच बसले आणि म्हणाले, "बसा रे सगळे. नरसम्मा, तुझा आज्जा कसा होता, सांग यांना."

वडील हरले म्हणून त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते.

पुढे मीही तीस वर्षं शिकवलं. चूक दाखवणारे विद्यार्थी मलाही भेटले. मी घसा खाकरून पुढचं पान उघडायची. असं खाली बसणं मला एकदाही जमलं नाही.